फिका वांगी

वांगं हिरवं असतं, यावर मी आजही ठाम आहे.

माझं गाव फैजपूरकडचं. आमच्याकडे भरताचं वांगं म्हणजे हिरवट पोपटी अंगाचं, वर पांढऱ्या रेघा असलेलं, आणि आकाराने असं की एका वांग्यात चार माणसं जेवून उठतात (पाचवा असला तर तोही उठतो, पण जरा नाराज). लहानपणापासून वांगं म्हणून मी हेच पाहिलं, भाजलं, सोललं आणि खाल्लं. बाजारात जांभळी वांगीही दिसायची, नाही असं नाही. पण त्यांच्याकडे आम्ही लग्नात आलेल्या अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तसं बघायचो. आलीत बिचारी, असू देत.

माझी बायको वैशाली धुळ्याजवळच्या सोनगीरची. तिच्या माहेरी वांगं म्हणजे जांभळं. या फरकाचा उलगडा व्हायला आमच्या लग्नाची पंचवीसेक वर्षं आणि घराच्या सगळ्या खोल्या खर्ची पडल्या. तोपर्यंत ती "वांगी आणा" म्हणायची, मी हिरवी आणायचो आणि ती निमूटपणे भाजी करायची. तिला वाटायचं, नवऱ्याची आवड आहे. मला वाटायचं, बायकोची फर्माईश आहे. संसार सुखाचा चालू होता.

मी जळगावात एका शाळेत गणित शिकवतो. इतकी वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली. भिंतीला खिळा मारायचा तरी घरमालकाचं तोंड बघावं लागायचं. मग दोन वर्षांपूर्वी स्वतःचं छोटं घर झालं. वैशालीच्या मनात एकच होतं, की निजायच्या खोलीच्या भिंतींना तिच्या पसंतीचा रंग असावा. फार काही मागणारी बाई नाही ती. पण त्याच सुमारास माझ्या थोरल्या भावाने गावाकडच्या घराला क्रीम रंग दिला, त्यातला बराच उरला, आणि भावाने तो मोठ्या प्रेमाने आमच्या दारात आणून ठेवला. उरलेला रंग फुकट जाऊ नये म्हणून आमचं अख्खं घर क्रीम झालं. वैशाली फक्त कधीतरी पलंगावर पडल्या पडल्या भिंतीकडे बघून म्हणायची, "भाऊजींचा रंग अजून टिकून आहे बघा." ते ऐकून मी कूस बदलायचो.

या दिवाळीनंतर सासूबाईंचं, म्हणजे अक्कांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं. वैशाली त्यांच्याजवळ राहायला गेली. मुलगा नोकरीला नाशकात. घरात मी एकटा आणि शाळेला सुट्टी. लोक दिवाळीच्या आधी घराला रंग देतात, पण रंगारी मोकळा मिळतो तो दिवाळीनंतर, हे साधं गणित आहे. मी ठरवलं की आता माघार नाही. ती परत येईल तेव्हा खोली तिच्या रंगात तयार असेल. लगेच फोन लावला.

"अहो, खरंच देताय का रंग?"

"खरंच. तू फक्त रंग सांग. मग येईपर्यंत काही विचारायचं नाही, फोटो मागायचा नाही. सरळ येऊन खोलीत उभं राहायचं."

ती हळूच म्हणाली, "वांगी."

"वांगी?"

"हो. पण फिका हं. गडद नको. बघितल्यावर डोळ्यांना गार वाटलं पाहिजे."

आता मला सांगा, डोळ्यांना गार कशाने वाटतं? हिरव्याने! शंकेला जागाच नव्हती. साड्यांच्या दुनियेत वांगी नावाचा एक रंग असतो आणि तो जांभळ्या घराण्यातला असतो, हे मला ठाऊक असायचं काही कारण नाही. साडीखरेदीच्या वेळी मी दुकानाबाहेर स्कूटरवर बसून असतो.

तरीही मी गाफील राहिलो नाही. माणूस गणिताचा! नुसत्या शब्दावर विसंबून राहायचं नाही, पुरावा सोबत ठेवायचा, हे मी पोरांना रोज सांगतो. म्हणून सकाळी भाजीबाजारात जाऊन एक देखणं, निब्बर नसलेलं, भरताचं वांगं निवडलं, पिशवीत घातलं आणि थेट रंगाच्या दुकानात गेलो.

"कोणता नंबर देऊ सर?" दुकानदाराने रंगांचं कार्ड पुढे सरकवत विचारलं.

"नंबर नाही. नमुना आहे," असं म्हणून मी वांगं काउंटरवर ठेवलं.

दुकानदाराने आधी वांग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गिऱ्हाईक शिक्षक आहे म्हटल्यावर त्याने सांभाळून घेतलं. "सालीचा रंग पाहिजे का आतल्या गराचा?"

"सालीचा. पण फिका."

"म्हणजे ह्या पांढऱ्या रेघांसारखा?"

"रेघ आणि साल यांची सरासरी काढा."

त्याने काढली. यंत्रातून फिरून डबा आला, झाकण उघडून त्याने बोटभर रंग कागदावर लावला आणि कागद वांग्याशेजारी धरला. हुबेहूब! मला भरून आलं. दुकानदार मात्र म्हणाला, "मॅडमना एकदा विचारून घेता का? बायकांचं रंगाचं वेगळं असतं."

"मॅडमनीच सांगितलाय," मी म्हणालो आणि वांगं परत पिशवीत घातलं.

रंगारी लीलाधरभाऊ आमच्याच गावाकडचे. त्यांनी डबा उघडला आणि मान डोलावली. "वा मास्तर. वांगं म्हटलं तं वांगंच आणलं. नाही तं लोक काय काय इंग्रजी नावं सांगता, मले काही समजत नाही." त्या क्षणी आम्हा दोघांना एकमेकांबद्दल जो आदर वाटला, तो शब्दांत सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत निजायची खोली फिक्या हिरव्या रंगात न्हाऊन निघाली.

रात्री फोनवर वैशालीचा स्वर लहान मुलीसारखा झाला होता. "झाली का हो खोली?"

"झाली."

"फिका आलाय ना?"

"अगदी सांगितला तसा. खोलीत शिरलं की शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं."

"शेतात?"

"वांग्याच्या."

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी ती माझ्या बोलण्यावर अशी हसली होती. मग म्हणाली, "अहो, एक सांगू? रंग उरला असेल तर पुढच्या खोलीतली टीव्हीची भिंत पण करून टाका. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल."

रंग उरला नव्हता, पण मी अशा अडचणी मानत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगं घेऊन दुकानात (दुकानदाराने या वेळी नमस्कार वांग्याला केला असं मला उगाच वाटलं). टीव्हीची भिंत झाली. पण एकच भिंत हिरवी आणि तीन क्रीम, हे काही डोळ्यांना पटेना, तेव्हा पुढची सगळी खोली करून टाकली. त्या रात्री वैशालीने स्वयंपाकघराचं विचारलं, "तिथे शोभेल का हो?"

"तिथे तर शोभणारच," मी म्हणालो, "रंगच भाजीचा आहे."

स्वयंपाकघर झालं. आता हात इतका बसला होता की लीलाधरभाऊंनी न्हाणीघराकडे बोट केलं आणि मी नुसती मान हलवली. संडासाला रंग द्यायला कुणीच सांगितलं नव्हतं. तो आमच्या उत्साहात झाला. सगळं आटोपून लीलाधरभाऊ मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी पाचोऱ्याला निघून गेले, आणि मी घरभर हिंडत राहिलो. क्रीम रंगाचा मागमूस उरला नव्हता. इतक्या वर्षांत बायकोने सांगितलेली एक गोष्ट मी तंतोतंत, किंबहुना चौपट केली होती. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी वैशाली अक्कांना घेऊन येणार होती. डोळा नवा झालाय तर अक्कांनी लेकीचं घर बघावं, आणि चार दिवस विश्रांतीही घ्यावी. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझा मेहुणा प्रमोद मोटारसायकलवरून आला. वैशालीने त्याच्याबरोबर एक मोठं गाठोडं पाठवलं होतं. प्रमोद घरात शिरला आणि उंबऱ्यातच थबकला. बोलणं त्याचं धुळ्याकडच्या अहिराणीतलं.

"दाजी, हाई काय शे?"

"वांगी," मी अभिमानाने म्हणालो.

"कोठे?"

"कोठे काय? भिंतीवर."

तो भिंतीजवळ गेला, बोट लावून बघितलं, बोटाचा वास घेतला. "दाजी, हाऊ ते हिरवा शे."

"हिरवाच. फिका वांगी."

प्रमोदने गाठोडं सोडलं. आत पडदे होते, चादर होती, उशांचे अभ्रे होते. सगळं जांभळं. म्हणजे भडक नव्हे, मऊ, धुवट, सांजेचं आभाळ असतं तसं जांभळं.

"ताईनी सोता शिवेल शेतस," तो म्हणाला. "आक्काजवळ बशीबशी. भिंतले जमाले पाहिजेत म्हणे."

पण मी सहजी हार मानणारा माणूस नाही. फ्रीज उघडला आणि नमुन्याचं वांगं त्याच्यासमोर धरलं. "हे काय आहे?"

"वांगं."

"रंग कोणता?"

"हिरवा."

"झालं तर मग."

"पण दाजी, वांगी रंग ते जांभळाच ऱ्हास. बठ्ठा गावले माहीत शे."

"सगळ्या? कोणत्या गावाला?"

"आमना."

"आमच्या गावाला नाही माहीत."

प्रमोदने डोकं खाजवलं. हा मुलगा शाळेत माझ्या हाताखाली असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमनाकडे वांगाले फूल येस का?"

"येतं की."

"कोन्ता रंगनं?"

मी वांगं परत फ्रीजमध्ये ठेवलं. फूल जांभळं असतं. आमच्याकडेही. हिरव्या वांग्याचंही. अगदी त्या पडद्यांच्या रंगाचं असतं. उत्तर चुकलंय हे कळायला गणिताच्या मास्तरालाही कधी कधी पान उलटावं लागतं.

मला एकदम वैशाली दिसायला लागली. आईच्या उशाशी बसून पडदे शिवणारी, रोज रात्री फोनवर हसणारी. उद्या ती दारातून आत येईल आणि तिला पुन्हा कुणा दुसऱ्याचाच रंग दिसेल, या वेळी माझा. मला फार वाईट वाटलं. घर गेलं खड्ड्यात, पण निदान तिची खोली तरी तिच्या रंगाची झाली पाहिजे. मी प्रमोदला म्हणालो, "उठ. डबा आणू."

दुकानात या वेळी मी उशीचा अभ्रा ठेवला. दुकानदार म्हणाला, "वांगं नाही आणलं का सर?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

लीलाधरभाऊंना फोन केला, तर मागे बँड वाजत होता. "मी पाचोऱ्यालेच आहे मास्तर, उद्या सांजच्याले येतो." तेवढी सवड नव्हती. मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचला, प्रमोदने डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि आम्ही दोघं ब्रश घेऊन भिंतीला भिडलो. जांभळा रंग हिरव्यावर बसला आणि तिथे तिसराच कुठलातरी रंग उमटला, ओल्या राखेसारखा. दुसरा हात मारला. राख जरा सुकल्यासारखी झाली. छताजवळ ब्रश फिरवताना निम्मा रंग माझ्या डोक्यावर, मिशीवर आणि कानात आला. पुन्हा लीलाधरभाऊंना फोन.

"अगोदर पांढरा मारा लागते ना मास्तर," ते बँडवर आवाज चढवून म्हणाले. "हिरव्यावर जांभया कसा बसंन?"

हे आधी सांगायचं ना, असं म्हणायची सोय नव्हती. मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. अंधार पडल्यावर आम्ही थांबलो आणि सकाळी उठून पुन्हा भिडलो. वैशालीची गाडी संध्याकाळची होती, म्हणजे हातात अख्खा दिवस होता.

दुपारी जेमतेम एक भिंत जांभळटसर दिसू लागली होती, तोच बाहेर गाडीचं दार वाजलं. धुळ्याहून जळगावला येणाऱ्या कुणा नातेवाइकाच्या गाडीत जागा मिळाली म्हणून दोघी लवकर आल्या होत्या. अक्का पुढे, डोळ्यांवर काळा चष्मा. वैशाली मागे बॅगा उतरवत होती. मी ब्रश हातात घेऊन पुढच्या खोलीत येऊन उभा राहिलो.

अक्कांनी उंबरा ओलांडला. भिंतीकडे पाहिलं. चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं, पुन्हा खाली केला.

"वैशे," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरनी माले फसाडं. माले बठ्ठं हिरवं दिसस."

क्षणभर मला वाटलं, सुटलो. मी अत्यंत मायेने म्हणालो, "अक्का, पहिले काही दिवस होतं असं." प्रमोद छताकडे बघायला लागला. अक्कांनी चष्मा पूर्ण काढला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"पण जवाई ते जांभळा दिसस," त्या म्हणाल्या.

मागोमाग वैशाली आत आली. तिने पुढची खोली पाहिली. स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघराचं दार उघडलं आणि मिटलं. निजायच्या खोलीत जाऊन तीन हिरव्या भिंती आणि एक राखाडी भिंत पाहिली, आणि पलंगाच्या कडेला बसली. एक शब्द नाही. अबोली नावाचाही एक रंग असतो म्हणतात. तो कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण तो ऐकू कसा येतो ते त्या दिवशी कळलं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "वांगी म्हणजे तुम्हाला काय वाटलं?"

मी फ्रीजमधून नमुना आणून तिच्या हातात दिला. दोनदा दुकानात जाऊन आल्याने तो जरा मलूल झाला होता.

"हे घेऊन तुम्ही दुकानात गेलात?"

"हो."

"एकटे?"

"वांगं होतं सोबत."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिने तोंड फिरवलं, पण खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. "दोन वर्षं भाऊजींचा रंग बघितला," डोळे पुसत ती म्हणाली, "म्हटलं, आता तरी माझा."

"तुझाच होईल," मी म्हणालो. "मी उद्या परत..."

"तुम्ही नाही." ती उठली, पदर कमरेला खोचला आणि वांगं प्रमोदच्या हातात दिलं. "प्रमोद, हे भाजायला ठेव, भरीत करते. लीलाधरभाऊंना सांगा, उद्या पांढरा मारायचा. दुकानात मी जाणार. तुम्ही बाहेर स्कूटरवर बसा."

मी बसलो. जागा ओळखीची होती.

पुढचे दोन-तीन दिवस वैशाली खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसून होती. पांढरा झाला, मग तिचा रंग झाला, एक हात, दुसरा हात, आणि लीलाधरभाऊंची एकदाही "वांग्यासारखा करू का?" असं विचारायची हिंमत झाली नाही. बाकीचं घर हिरवंच राहिलं. आता फैजपूरकडचे पाहुणे पुढच्या खोलीत बसून म्हणतात, "काय सुंदर वांगी रंग दिलाय." धुळ्याकडचे सरळ आतल्या खोलीत जातात आणि तेच म्हणतात. मी दोन्हीकडे मान डोलावतो.

खोली पूर्ण झाली त्या दिवशी वैशालीने पडदे लावले, चादर घातली, आणि आम्ही दोघं पलंगावर टेकून भिंतीकडे बघत बसलो. ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि सगळी खोली मऊ जांभळी झाली होती. खरंच गार वाटत होतं डोळ्यांना. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते बघून मला वाटलं, मी उगाच पंचवीस वर्षं थांबलो.

"आवडला का?" तिने विचारलं.

या वेळी माझी तयारी पक्की होती. घाई केली नाही, भिंत नीट पाहिली, पडदा पाहिला, आणि ठाम आवाजात म्हणालो, "फार सुंदर. अगदी अस्सल फिका वांगी."

"वांगी काय हो?" ती म्हणाली. "वांगी गडद असतो. हा लव्हेंडर आहे, दुकानातल्या कार्डावर लिहिलं होतं."

नशीब एवढंच, की लव्हेंडर आमच्या फैजपूरकडे पिकत नाही.